शेकडो कोसांवरून घातलेली तबकडी

वीजबिलाच्या खिडकीशी, बँकेत, रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द आपण सर्वांनीच ऐकलेले आहेत. पलीकडचा कारकून हात वर करतो आणि आपण मुकाट्याने बाकावर जाऊन बसतो. परंतु हा सर्व्हर असतो कोठे आणि बंद पडल्यावर त्याला उठवतो कोण, याचा विचार आपण क्वचितच करतो. वास्तविक हा प्रश्न आता आपल्या उंबरठ्याच्या आत आलेला आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील कितीतरी मराठी घरांतून एखादा मुलगा किंवा एखादी सून रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडून बसते आणि वडीलधाऱ्यांनी विचारले असता ‘सर्व्हर बंद पडलाय’ एवढेच उत्तर मिळते. तो सर्व्हर कदाचित मुंबईत असतो, कदाचित सिंगापुरात. मग ही मंडळी घरी बसून नेमके करतात तरी काय?

सर्व्हर म्हणजे अखेर एक संगणकच. मात्र त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. चपट्या पेटीसारखी ही यंत्रे लोखंडी मांडणीत एकावर एक रचलेली असतात आणि त्या थंडगार दालनात बहुधा माणूसही नसतो. यंत्र सुरळीत चालू असेल तोवर त्याला दुरून आज्ञा देणे अवघड नाही. पण ती आज्ञा ऐकते कोण? यंत्रावर चालणारी कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. तीच कोसळली, तर मूर्च्छित माणसाला हाक मारण्यासारखे होते. अशा वेळी पूर्वी एकच उपाय असे : पिशवीत सीडी घालायची, त्या दालनात जायचे, यंत्रात ती तबकडी सरकवायची आणि तिच्यावरून यंत्र नव्याने चालू करायचे. मग ते दालन दुसऱ्या गावी असो की दुसऱ्या देशात.

ही यातायात चुकविणारी युक्ती मोठी मार्मिक आहे. सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटा संगणक बसविलेला असतो. त्याला बीएमसी म्हणतात. मुंबईच्या महानगरपालिकेशी त्याचा काही संबंध नाही! या छोट्या संगणकाला स्वतःची बुद्धी, स्वतःची स्मृती आणि बहुधा इंटरनेटची स्वतंत्र तारही असते. मोठे यंत्र बंद असले तरी भिंतीतून वीज येत आहे तोवर हा जागा असतो. वाडा निजला तरी देवडीवरचा पहारेकरी जागा राहावा, तसे हे आहे. त्याच्याशी बोलण्याची एक सामाईक रीत इंटेल, डेल, हेवलेट-पॅकार्ड आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली ठरविली. हेवलेट-पॅकार्डने आपल्या व्यवस्थेच्या नावातच ‘लाइट्स आउट’ हे शब्द घातले. दालनात दिवे लावण्याचीही गरज नाही, कारण आत कोणी नाहीच, असा त्याचा भाव.

या पहारेकऱ्याच्या हाती यंत्र चालू-बंद करणे असते, यंत्राचा पडदा तो दूरच्या माणसाला दाखवितो आणि त्या माणसाने दाबलेली कळ यंत्रापर्यंत पोचवितो. पण त्याची खरी करामत आहे ती ‘व्हर्च्युअल मीडिया’ची, म्हणजे आभासी तबकडीची. सीडीवरील सर्व मजकूर जसाच्या तसा एका फाइलीत साठविता येतो. तिला आयएसओ फाइल म्हणतात. सीडीच्या रचनेचे जे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली आले, त्याच्या नावावरून हे नाव पडले. सीडी आता घरांतून हद्दपार झाली, पण तिचा हा छायादेह अजून रोजच्या वापरात आहे. ही फाइल आपल्या मुलाच्या लॅपटॉपवरच राहते. बीएमसी मोठ्या यंत्राला एवढेच सांगतो, ‘तुला यूएसबीने एक सीडी ड्राइव्ह जोडला आहे.’ यंत्र त्यावर विश्वास ठेवते, कारण खऱ्या ड्राइव्हने दिली असती तीच उत्तरे त्याला मिळत असतात. ते म्हणते, ‘अमुक क्रमांकाचा तुकडा वाचून दे.’ मागणी बीएमसीकडे जाते, तेथून इंटरनेटवरून हैदराबादेतील खोलीत येते. लॅपटॉप फाइलीतून तेवढाच तुकडा काढून परत धाडतो. यंत्र समजते, तबकडी फिरली.

हा व्यवहार धीम्या गतीचा असतो. प्रत्येक मागणीला जाऊन येण्याचा वेळ लागतो. शिवाय घरातील जोडणीची उतरती गती कितीही भरघोस असली तरी येथे उपयोगी पडते ती चढती गती. ती सेकंदाला १० मेगाबिट धरली, तर ५ गिगाबाइटची फाइल पूर्ण वाचली जाण्यास ४,००० सेकंद, म्हणजे एक तासाहून अधिक लागेल. मध्येच जोडणी तुटली की यंत्राच्या दृष्टीने कोणीतरी चालू ड्राइव्हमधून तबकडी उपटून घेतलेली असते! यास्तव जाणते लोक ती फाइल सर्व्हरच्या शेजारच्याच एखाद्या यंत्रावर ठेवतात आणि बीएमसीला तेथूनच वाचण्यास सांगतात. माझा भाचा याच व्यवसायात आहे. त्याला सर्वांत मोठी धास्ती वाटते ती काम संपल्यावर आभासी तबकडी काढून घेण्याचे विसरण्याची. पुढे कधी यंत्र पुन्हा चालू झाले आणि प्रथम तबकडीकडेच वळले, तर ते नव्या स्थापनेला लागते. ती स्थापना न विचारता चालणारी असेल, तर साठविलेली माहिती पुसलीही जाते.

ही सोय असण्या-नसण्याने काय फरक पडतो, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीसाठी धाडलेली एक सदोष फाइल सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना भोवली. ते चालू होता होताच कोसळू लागले. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय सोपा होता : संगणक सुरक्षित अवस्थेत चालू करायचा आणि ती एक फाइल काढून टाकायची. पण असंख्य साध्या संगणकांशी त्यासाठी माणसालाच जाऊन बसावे लागले. ज्या सर्व्हरांत बीएमसी होता, तेथे हेच काम बसल्या जागी करणे शक्य होते.

तथापि पहारेकऱ्याच्या हाती साऱ्या किल्ल्या असल्या, की चोराची नजर प्रथम त्याच्यावरच जाते. हेवलेट-पॅकार्डच्या आयलो ४ या व्यवस्थेत एक विलक्षण दोष सापडला. एका ठराविक जागी ए हे अक्षर २९ वेळा लिहून पाठविले की पासवर्डाची अडवणूक संपे. कंपनीने २०१७ साली दुरुस्ती दिली. २०१९ साली एक्लिप्सियम या संस्थेने सुपरमायक्रोच्या आभासी तबकडीतीलच दोष उघड केले. एक जण काम आटोपून गेला तरी त्याचा अधिकार तेथे शिल्लक राही आणि पाठोपाठ येणारा परका त्याच अधिकाराने आत शिरू शके. अशा प्रकारे इंटरनेटवर उघडी असलेली किमान ४७,००० यंत्रे संशोधकांना आढळली. सुपरमायक्रोनेही दुरुस्ती दिली, पण जी यंत्रे कोणी अद्ययावत केलीच नाहीत, त्यांना तिचा काय उपयोग? म्हणूनच बीएमसीची तार सार्वजनिक इंटरनेटला न जोडता तिच्यासाठी निराळे, बंदिस्त जाळे ठेवतात.

ते निराळे जाळेही दगा देऊ शकते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या नेहमीच्या देखभालीत दिल्या गेलेल्या एका आज्ञेने कंपनीची सारी केंद्रे एकमेकांपासून तुटली. दुरून हात घालण्याची आडवाटही त्याच वेळी बंद पडली. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर धाडावे लागले. तेथे पोचल्यावरही आत शिरून काम सुरू करण्यास वेळ गेला, कारण त्या इमारती आणि ती यंत्रे कोणाला सहजासहजी हात लावता येऊ नये, अशाच रीतीने सुरक्षित केलेली होती. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे सहा तास लागले.