गटाची सहल : तीन दिवस बेटांच्या मुंबईत

आज आपण सहलीवर बोलणार आहोत. तीर्थयात्रा नाही, लग्नकार्य नाही, दवाखाना नाही. गटातल्या बायांनी मिळून, पैसे साठवून, तीन दिवस मुंबई बघायला जायचं, तर ते ठरवायचं कसं, एवढाच आजचा विषय.

मुंबई कशासाठी, असं कुणी विचारेल. एक तर आपल्या जालन्याहून तिथं थेट रेल्वे जाते. आणि दुसरं, मुंबई हे बेटावरचं शहर आहे. समुद्र, होडी, बेटावरची लेणी हे आपल्या जिल्ह्यात कुठं बघायला मिळणार? भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे, व्हॅलेटा ही त्याची राजधानी. उन्हाळ्याची गर्दी ओसरली की सप्टेंबर-ऑक्टोबरात युरोपातली माणसं सुट्टीला शनिवार-रविवार जोडून तिथं तीन-चार दिवस जाऊन येतात. आपणही तसंच करू शकतो. फक्त आपल्याला रविवारची सुट्टी नसते. शेतातल्या कामाच्या दोन टप्प्यांत जी फट सापडते, तीच आपली सुट्टी.

तारीख कुणाला विचारून ठरवायची?

ही फट शोधू या. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी चालू असते. मग हरभरा, ज्वारीची पेरणी. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते. म्हणून पुष्कळ गटांना दिवाळीनंतरचा आठ-पंधरा दिवसांचा काळ बरा पडतो. ऑक्टोबरातला मुंबईचा उकाडा तोवर उतरायला लागलेला असतो आणि पावसाळा संपल्यानं समुद्रही शांत असतो. मात्र भाऊबीजेचे आधीचे-नंतरचे चार-पाच दिवस टाळा, गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

पण इथं एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागातल्या गटांत ऊसतोडीला जाणाऱ्या बाया असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांच्या टोळ्या निघतात. तुम्ही दिवाळीनंतरची तारीख धरली, तर त्या बाया आपोआप वगळल्या जातात. ‘तू चल’ असं तोंडानं म्हणायचं आणि तारीख तिच्या गैरहजेरीत धरायची, याला बोलावणं म्हणत नाहीत. अशा गटानं मुकादमाची तारीख आधी विचारावी. दसऱ्यानंतर टोळी निघेपर्यंत आठ दिवस मिळत असतील तर तेव्हा जावं, थोडा उकाडा सोसावा. नाहीच जमलं तर कोयता परत येईपर्यंत थांबावं. सहल शरदातून चैत्रात गेली तरी बिघडत नाही.

आजच्या बोलण्याचं सूत्र हेच आहे, मैत्रिणींनो. जिला येणं सगळ्यात अवघड आहे, तिच्यापासून सहल आखायला सुरुवात करा. जिला सगळं सोपं आहे, ती कोणत्याही तारखेला येईल.

पैसे

सहलीचा डबा वेगळा ठेवा. गटाची बचत, अंतर्गत कर्जाचे पैसे, फिरता निधी यांना हात लावायचा नाही. ते पैसे बियाण्याला, आजारपणाला, शाळेच्या फीला आहेत. सहलीसाठी कर्जही काढायचं नाही. वटपौर्णिमेला सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत साधारण वीस आठवडे मिळतात. आठवड्याला १०० रुपये टाकले तर एकीचे २,००० होतात. हा हिशेब वहीत सगळ्यांसमोर लिहा. पुढं जिला येता आलं नाही, तिचे पैसे तिला पूर्ण परत द्या, हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

मजुरीला जाणाऱ्या बाईचा खर्च तिकिटापुरता नसतो. तिची तीन दिवसांची मजुरी बुडते. घरी शेळ्या असतील तर त्या कोण बघणार? यावर उपाय आपल्याकडं जुनाच आहे, सावड. ज्या या वेळी जाणार नाहीत त्यांनी जाणारीच्या शेळ्या, धारा, म्हाताऱ्या सासूचं जेवण बघायचं. पुढच्या वर्षी उलट. मोठ्या गटानं दोन तुकड्या कराव्यात. घरात परवानगी मागतानाही याचा उपयोग होतो. ‘मी जाते’ म्हणण्यापेक्षा ‘माझ्यामागं अमुक ही बघणार आहे’ असं सांगितलं की घरच्यांचा अर्धा विरोध तिथंच गळतो.

जायचं कसं?

गावाहून जालना स्टेशनपर्यंत एसटी. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या गाड्यांत महिलांना निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. आधारकार्ड जवळ ठेवा. एसटीनं थेट मुंबईलाही जाता येईल, पण रात्रभर बसून प्रवास आणि गाडीत शौचालय नाही. गुडघेदुखीवाल्या, साखरेचा त्रास असलेल्या बायांसाठी रेल्वेच बरी.

देवगिरी एक्सप्रेस रात्री जालन्याहून निघते आणि सकाळी मुंबईत सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, पोचवते. परतीलाही ती रात्रीचीच आहे. म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम गाडीत होतो आणि तेवढं भाडं वाचतं. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून वंदे भारत सुरू झाली. ती आता नांदेडहून येते. ती लवकर पोचवते, पण तिकीट महाग आणि प्रवास दिवसाचा. वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी १३९ या रेल्वेच्या नंबरवर विचारून घ्या.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका फॉर्मवर सहा नावं बसतात, म्हणजे बारा बायांना दोन फॉर्म. फॉर्मवर वय बरोबर लिहा. ४५ वर्षांवरच्या महिलांना जागा असेल तर खालचा बर्थ आपोआप मिळतो. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्या भरवशावर हिशेब करू नका.

कोणते तीन दिवस?

गुरुवारी रात्री निघा, शुक्रवार-शनिवार-रविवार मुंबईत राहा, रविवारी रात्री परत गाडीत बसा. कारण ऐका. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. सिद्धिविनायकाला मंगळवारी तासन् तास रांग लागते. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, काही गाड्या रद्द होतात, काही उशिरा येतात. म्हणून रविवारचा कार्यक्रम छोटा ठेवा आणि स्टेशनवर लवकर पोचा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. अभिवादनाला जायचं असेल तर त्या दिवशी मुद्दाम जा, पण त्यात मुंबई-दर्शन मिसळू नका.

मुक्कामाची जागा आधी फोनवर पक्की करा. नातेवाईक असो, धर्मशाळा असो की लॉज, चार गोष्टी विचारा : बायांसाठी शौचालयं किती, पाणी किती वाजता येतं, जिना किती चढायचा, दार रात्री किती वाजता बंद होतं. सीएसएमटीच्या जवळपास राहिलात तर फिरणं सोपं जाईल.

काय बघायचं?

एका दिवशी एकच बाजू, हा नियम ठेवा. सगळं बघायच्या नादात निम्मा दिवस गर्दीतच जातो.

पहिल्या दिवशी आंघोळी उरकून आधी सीएसएमटीची इमारतच नीट बघा. तिचं बांधकाम १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षं चाललं आणि २००४ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे इथूनच जवळच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. दुपारी आराम करा. संध्याकाळी महालक्ष्मी, हाजी अली आणि गिरगाव चौपाटी.

हाजी अलीचा दर्गा समुद्रात आहे. भरतीला तिथली वाट पाण्याखाली जाते. भरती कधी, हे आपल्याला पंचांगावरून कळतं. कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि तिच्या सहा तास आधी, नऊच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज आहे, वेळ थोडी पुढंमागं होते, म्हणून तिथं गेल्यावर विचाराच. ओहोटी सकाळची असेल तर दर्ग्याला दुसऱ्या कुठल्या सकाळी जा. इथं बायांना आतल्या मजारीपर्यंत जायला मनाई झाली होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बाया कोर्टात गेल्या, ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बाया पुन्हा आत गेल्या.

दुसरा दिवस घारापुरीचा. गेटवे ऑफ इंडियावरून बोट निघते, तासाभरात बेटावर पोचवते. सकाळची पहिली बोट धरा, दुपारी परत या. बोटीत चढल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घालून बसा. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे जीव गेले. भिऊन घरी बसायचं नाही, पण जॅकेट न घालता बसायचंही नाही. धक्क्यापासून थोडं चालून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. तिथली माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ उघडा नेऊ नका.

ही लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची आहेत. आपल्यापैकी अनेकींनी घृष्णेश्वराला गेल्यावर वेरूळ बघितलं असेल. तिथलं २९ नंबरचं धुमार लेणं आठवा. घारापुरीच्या मुख्य लेण्याची रचना त्याच्यासारखीच आहे. समोर दिसणारी शिवाची तीन मुखांची मूर्ती तीन पुरुष उंच आहे.

तिसऱ्या दिवशी दादर आणि माहीम. चैत्यभूमीवर जा. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांवर इथं अंत्यसंस्कार झाले. मग माहीमकडं जाताना रस्त्याची पाटी वाचा : लेडी जमशेदजी रोड. या नावामागं एका बाईची गोष्ट आहे.

मुंबई आधी सात बेटांची होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधे खाड्या आणि दलदल. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालनं हे ठिकाण इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं. राजानं १६६८ मध्ये ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. पुढं भराव घालून बेटं जोडत नेली. पण माहीमहून समोर वांद्र्याला जायला होडीच होती, आणि पावसाळ्यात होड्या बुडून माणसं मरत. सरकार पैसे देईना. तेव्हा लेडी आवाबाई जमशेदजी जीजीभाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, आणि लोकांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. १८४५ मध्ये तो रस्ता सुरू झाला. आजही त्यावरून वाहनं जातात.

गर्दीत सांभाळायचं कसं?

लोकलमध्ये बायांचे डबे वेगळे असतात. संपूर्ण बायांची लोकल ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली सुरू झाली. तरीही सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ लोकलच्या वाटेला जाऊ नका.

तिघी-तिघींची टोळी करा. प्रत्येक टोळीत एक तरी फोनवाली आणि एक तरी वाचता येणारी हवी. प्रत्येकीच्या ब्लाउजच्या खिशात चिठ्ठी ठेवा : दोन फोन नंबर आणि मुक्कामाचा पत्ता. चुकामूक झाली तर नियम एकच. जी फलाटावर राहिली तिनं तिथंच थांबायचं. जी गाडीत गेली तिनं पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं. दोघींनीही शोधत फिरायचं नाही. अडचण आली तर ११२, मुंबईत बायांसाठी १०३, रेल्वेत १३९.

लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका, त्यानं चक्कर येते. स्टेशनवर, गेटवेला बोटीत बसण्याआधी, आणि जिथं सोय दिसेल तिथं जाऊन घ्या. रोजच्या गोळ्या आणि पॅड पिशवीत, पैसे दोन ठिकाणी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिले दोन दिवस पुरतात. चप्पल जुनी, सवयीची घाला.

आणि चालण्याचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या बाईचा. ती पुढं, बाकीच्या मागं.

आता पुढच्या बैठकीत एवढं करा. गोल बसा आणि प्रत्येकीला एकच विचारा : ‘तुला यायला काय अडतं?’ कुणाला पैसे, कुणाला शेळ्या, कुणाला गुडघे, कुणाला घरचे. उत्तरं वहीत एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीसमोर ती अडचण कोण सोडवणार तिचं नाव लिहा. ते पान भरलं की तारीख धरा. मगच तिकिटाच्या खिडकीवर जा.