ऑपरेशननंतर पुन्हा सजदा कधी? क्लिनिकल पिलाटेस समजून घेऊया

गुडघ्याचं किंवा कमरेचं ऑपरेशन झालं की आपल्या घरातले बुजुर्ग डॉक्टरांना विचारतात, "सजदा कधी करता येईल?" पापडीत काय किंवा वसईत इतरत्र काय, खुर्चीवर नमाज पढणारे प्रत्येक खानदानात आहेत. आजारपणात बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज पढायची सवलत दीनने दिलीच आहे. पण सवलत आहे म्हणून बरं होण्याची कोशिश सोडायची नसते.

आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येकजण सांगतो, "आराम करा, हलू नका." खरं तर पडून राहिल्याने स्नायू कमजोर होतात, सांधा आखडतो, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच गुडघा बदलल्यावर बहुतेक पेशंटना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात.

पुढच्या टप्प्यात क्लिनिकल पिलाटेस कामी येतं. जर्मनीत १८८३ साली जन्मलेल्या जोसेफ पिलाटेस यांनी ही व्यायामपद्धत तयार केली. जिममधलं पिलाटेस सगळ्यांसाठी सारखंच असतं. क्लिनिकलमध्ये फिजिओथेरपिस्ट तपासून त्या पेशंटपुरते व्यायाम ठरवतात. उदाहरणार्थ, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हलकं आत घ्यायचं आणि कमर हळूहळू वर उचलायची. यात पोट, पाठ आणि नितंबांचे स्नायू मजबूत होतात. रुकूतून सरळ होताना, जमिनीवरून उठताना हेच स्नायू लागतात.

महागडी मशीन लागतेच असं नाही, बरेच व्यायाम चटईवर होतात. जुन्या कंबरदुखीत पिलाटेसचा फायदा दिसला आहे, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे खर्च परवडत नसेल तर साधी फिजिओथेरपी नियमित करा.

काही गोष्टी लक्षात ठेवा:

- सर्जनच्या परवानगीशिवाय सुरू करू नका. खुबा बदलला असेल तर जास्त वाकणं, सजदा, मांडी घालणं आधी विचारूनच.
- व्हिडिओ बघून स्वतःच करू नका. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्र राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा.
- अम्मी, खालांना संकोच वाटत असेल तर महिला फिजिओथेरपिस्ट मागा.
- पोटरी सुजली, जखमेतून पू आला, ताप आला तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. अचानक दम लागला तर थेट इस्पितळ गाठा.

घरच्यांनी रोज १५-२० मिनिटं सोबत बसलं, तर पेशंट व्यायाम टाळत नाही. अल्लाह सगळ्या आजारी भावा-बहिणींना शिफा देवो. आमीन.