गळाची गांठ आणि शिशाचें वजन

समुद्रकांठीं गरवावयास जाणारा हौशी मनुष्य तंगूस, गळ आणि शिसें यांची निवड मोठ्या चोखंदळपणें करतो; परंतु त्यांना जोडणारी गांठ मात्र हाताला येईल तशी मारतो. मासा निसटतो तो बहुधा तेथेंच. मुख्य दोरीच्या टोंकास गळ, फिरती कडी व वजन बांधून जो साज घरीं सिद्ध होतो, त्यांत एखादा सांधा इतरांहून कच्चा राहणारच. तो कोठें राहावा, हें आधींच ठरविणें यांत साज बांधण्याचें सारें शास्त्र आलें.

पूर्वीं दोरी सुताची किंवा तागाची असे. ती खरखरीत असल्यामुळें साधी गांठही घट्ट बसे. १९३८ सालीं नायलॉनचा शोध जगापुढें आला आणि पुढें तंगुसानें सुताची जागा घेतली. तंगूस बळकट खरा. पण गुळगुळीतपणामुळें त्याची गांठ सरकते, आणि आवळतांना घर्षणानें तापला कीं त्याचें बळ घटतें. एकेरी साध्या गांठीनें तर तें जवळजवळ निम्म्यावर येतें; कारण सारा ताण एकाच तीव्र वळणावर येऊन दोरीच दोरीला कापते. म्हणून गांठ वेढ्यांची असावी. तींत ताण वांटला जातो.

दोरीचें टोंक गळाच्या नेढ्यांतून ओवून मूळ दोरीभोंवतीं पांच वेढे द्यावेत. मग तें नेढ्यालगतच्या छोट्या फांसांतून काढावें, आणि त्यामुळें झालेल्या मोठ्या फांसांतून पुन्हां ओवावें. जाड तंगुसास तीन वेढे पुरतात. गांठ आधीं ओली करावी, मग हळूहळू आवळावी. वेढे एकमेकांवर चढल्यास ती कापून पुन्हां मारावी. अंधारांत वा डुलत्या होडींत दुसरी गांठ सोयीची. दोरी दुमडून नेढ्यांतून काढावी, त्या दुहेरी दोरीची सैल साधी गांठ मारावी, दुमडीच्या फांसांतून सबंध गळ पार करावा आणि मग आवळावें.

आमिषाचा पीळ मुख्य दोरीवर चढूं नये, एवढेंच फिरत्या कडीचें काम. जितक्या कड्या अधिक तितक्या गांठी अधिक. म्हणून एक पुरे. सुरमईसारख्या तीक्ष्ण दांतांच्या माशासाठीं गळाजवळ वीतभर पोलादी तार लागते. गोबरा मात्र गळ लागतांच खडकाच्या कपारींत शिरतो. त्याला जाड तंगूसच हवा. पितळी कडी व साधा पोलादी गळ खाऱ्या पाण्यांत एकमेकांस टेकून राहिले, तर पोलाद अधिकच लवकर गंजतें. यास्तव घरीं परततांच साज गोड्या पाण्यानें धुवून वाळवावा.

वजनास दगड कां नको? शंभर ग्रॅम शिसें समुद्राच्या पाण्यांत सुमारें ९१ ग्रॅम भरतें, लोखंड ८७ आणि ग्रॅनाईटचा दगड अवघा ६१. पण शिसें विषारी आहे. तें दांतांनीं दाबूं नये, स्वयंपाकघरांत वितळवूं नये. ओलसर सांच्यांत ओतलेलें शिसें उसळून अंगावर येतें. मंद प्रवाहांत जुना लोखंडी नटही काम भागवितो.

आतां कच्चा सांधा कोठें असावा? खडकाळ जागीं, दोरी हातानें खालीं सोडावयाची असल्यास, वजन बारीक दोरीनें बांधावें. तें अडकलें तर तेवढेंच तुटेल. गळ आणि मासा हातीं राहील. वजन दूर भिरकावयाचें असल्यास मात्र ही युक्ति घातक होय. फेंकतांना दोरी तुटली, तर सुटलेलें शिसें शेजारच्या माणसाचा प्राणही घेऊं शकतें. तेथें दर औंस वजनामागें निदान १० पौंड ताण सोसणारी दोरी पुढें जोडण्याचा नियम आहे. म्हणजे १४० ग्रॅम वजनास सुमारें २३ किलोंची. अशा साजांत बारीक ठेवावयाची ती गळाची फांटी, मुख्य दोरी नव्हे.

मुख्य दोरी तुटली, तर लांबच लांब तंगूस समुद्रांतच राहतो. तो वर्षानुवर्षें कुजत नाहीं. मासे, कांसवें आणि पक्षी त्यांत गुरफटून मरतात. निसटलेला मासा आपला जीव वांचवितो. तुटलेली दोरी मात्र दुसऱ्या कोणाचा तरी घेते. म्हणून किनाऱ्यावर निघण्यापूर्वीं प्रत्येक गांठ एकदां ओढून पाहावी.