तण काढण्याचा मुहूर्त

शिरोड्याचे नाव उर्वरित महाराष्ट्राला वि. स. खांडेकरांच्या शाळेमुळे आणि १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ठाऊक असले, तरी गावात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात रोज सकाळी दार उघडताच जो प्रश्न दिसतो, तो या दोहोंहून पुष्कळच सामान्य आहे: घरापुढे माजलेल्या रानाचे करायचे काय, आणि केव्हा? पूर्वी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. घरापुढे खळे असे. पावसात त्यावर जे उगवे ते उगवू दिले जाई, आणि दिवाळीच्या सुमारास ते सारे खोऱ्याने तासून, माती चोपून, वर शेणाचे सारवण घालून खळे पुन्हा नवे केले जाई. तेथून मृगापर्यंत त्यावर सहसा पाणीच पडत नसल्यामुळे तणाला डोके वर काढण्याचा संभव नसे. आता नव्या बंगल्यांतून आणि पर्यटकांच्या निवासांतून खळ्याच्या जागी हिरवळ आली आहे. हिरवळीला विहिरीचे पाणी माघातही मिळते आणि वैशाखातही. आणि हिरवळीला जे मिळते ते तणाला मिळत नाही, अशी तजवीज अद्याप कोणी केलेली नाही.

तणनाशकाच्या बाटलीवर किंवा परदेशी बागकामाच्या पुस्तकात जे वेळापत्रक छापलेले असते, ते थंड देशांतल्या अनुभवावर बेतलेले असते. तेथे हिवाळ्यात भूमी गोठते, वसंतात तिची ऊब दहा-बारा अंशांच्या वर चढू लागली की सुप्त बीज जागे होते, आणि म्हणून त्याच्या थोडे आधी उपाय करावा, असा तो शास्त्रार्थ आहे. आपल्या किनाऱ्यावर माती बाराही महिने उबदारच असते. बीज अडून राहते ते पाण्यासाठी. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा येथील पंचांग मृगापासून मोजावे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर आठवड्याभरात जमिनीवर हिरवी लव दिसू लागते आणि आर्द्रा नक्षत्र सरेपर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, कोण हराळीचे आणि कोण परके, हे ओळखता येण्याइतकी पाने प्रत्येकाला फुटलेली असतात. बेणणीचा खरा मुहूर्त हाच. वेळ पाहायची तीही सर थांबून जमिनीला वाफसा आल्याची. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत तो लवकर येतो, आणि अशा मातीतून दोन बोटांच्या चिमटीत धरलेले रोप मुळासकट निघते. चिकट तांबड्या मातीत थोडी अधिक वाट पाहावी लागते.

या मुदतीचे महत्त्व टाकळ्याकडे पाहिले म्हणजे कळते. आषाढात त्याला सहा-सहा दलांची कोवळी पाने असतात, संध्याकाळ झाली की ती मिटतात, आणि ओले खोबरे घालून केलेली त्यांची भाजी घरोघर आवडीने खाल्ली जाते. मात्र भाजीसाठी नुसते शेंडे खुडणाऱ्याने तण काढले असे होत नाही. उलट खुडलेले झाड बाजूने फुटून अधिक दाट होते. रोप उपटून मग पाला खुडावा, म्हणजे दोन्ही कामे एका बैठकीत साधतात. लाजाळूचेही तसेच. बोटभर असताना तिचे काटे मऊ असतात. श्रावणात तिला हात लावण्याची इच्छा होत नाही, आणि गुलाबी गोंडे येऊन गेल्यावर तिच्या केसाळ शेंगा कपड्यांना चिकटून घरभर हिंडतात.

लव्हाळ्याची जात मात्र निराळी, आणि हिरवळ राखणाऱ्याने त्याच्याविषयी विशेष सावध असावे. वरून तो गवतच भासतो. परंतु त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहिल्यास तीन धारा लागतात. उपटताना दांडा मातीखालच्या गाठीपाशी तुटतो आणि खाली बारीक तंतूंवर ओवलेले काळपट कंद तसेच राहतात. दिवाळीच्या उटण्यातला सुगंधी नागरमोथा तो हाच. उगवल्यापासून तीन-चार आठवड्यांत तो नवे कंद धरू लागतो. जमिनीच्या कज्जात बारा वर्षांची वहिवाट सिद्ध झाली की कब्जेदाराला बेदखल करणे दुरापास्त होते. लव्हाळ्याची बारा वर्षे या तीन-चार आठवड्यांत भरतात. त्याला त्याआधी खुरप्याने खणून काढावे, पुन्हा फुटला की पुन्हा काढावे, आणि हिरवळ नव्याने करायची असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात जमीन खणून कंद वर टाकावेत. कोरड्या उन्हात ते सुकून मरतात.

आता आपल्याकडच्या प्रत्यक्ष वहिवाटीकडे पाहावे. मुंबईकर चाकरमानी चतुर्थीला गावी यायचा असतो, म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यात गडी बोलावला जातो आणि ग्रास कटरच्या कर्कश आवाजात एका दिवसात सारे मैदान साफ होते. दिसायला हे सुंदर दिसते. परंतु तोवर ओसाडीसारख्या तणांचे बी पडून गेलेले असते, आणि यंत्राची दोरी तेच बी चहूकडे उडवते. त्या बीजाची चिकाटी किती असते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे: विल्यम बील नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली मिशिगनमध्ये तणांचे बी वीस बाटल्यांत घालून पुरून ठेवले होते, त्यांपैकी २०२१ साली काढलेल्या बाटलीतील काही बिया, १४२ वर्षांनंतर, रुजल्या. सगळी तणे इतकी दीर्घायुषी नसतात. पण एका भाद्रपदातल्या आळसाचा जमाखर्च पुढची अनेक वर्षे चालू राहतो, हे खरे.

औषध मारून मोकळे व्हावे असे अनेकांना वाटते. त्याला आमच्या हवेत एक साधी अडचण आहे. फवारलेले औषध पानात मुरण्यास काही तासांची उघडीप लागते, आणि तण कोवळे असताना, म्हणजे आर्द्रा-पुनर्वसूत, तशी उघडीप भरवशाची नसते. उघडीप मिळते ती हस्तानंतर, तेव्हा तण जून झालेले असते. ग्लायफोसेट तर तण आणि हिरवळ असा भेदच करीत नाही, आणि २०२२ साली केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. टू-फोर-डी रुंद पानांचे तण मारते, हराळीला सहसा सोडते. पण वाऱ्याबरोबर उडालेला त्याचा तुषार शेजारच्या वांग्या-भोपळ्यांना भोवतो. शिवाय रेताड जमीन, उथळ विहीर आणि तिचेच पिण्याचे पाणी, हा येथल्या घरांचा संसार ध्यानात घेता, घराच्या हिरवळीसाठी औषधाचा मोह धरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मिठाचा प्रयोगही फरसबंदीच्या फटींपुरताच ठेवावा.

नवी हिरवळ करणाऱ्यास एक सांगणे आहे. ट्रकमधून आणलेली तांबडी माती आणि न कुजलेले शेणखत यांतूनच निम्मे तण घरात येते. माती पसरल्यावर लगेच हराळी न लावता मे महिन्यात तिच्यावर पंधरा दिवस पाणी शिंपावे, जे उगवेल ते वरच्यावर खरवडून काढावे, खोल खणू नये, आणि मग पहिल्या पावसात लावणी करावी. माडा-फणसाच्या दाट सावलीत हराळी तग धरत नाही. तेथे हिरवळीचा हट्ट सोडून खळेच ठेवावे.

आणि ज्यांना वर्षातून एकदाच गडी लावणे परवडते, त्यांनी त्याला चतुर्थीच्या तोंडावर न बोलावता आर्द्रात बोलवावे.