‘हो’ कुणासमोर म्हणायचं?

नेदरलँड्समध्ये रूरमोंड नावाचं एक गाव आहे. तिथल्या जुन्या कबरस्तानात विटांची एक भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूला प्रोटेस्टंटांच्या कबरी, दुसऱ्या बाजूला कॅथलिकांच्या. एके ठिकाणी भिंतीला लागून दोन्हीकडे भिंतीपेक्षा उंच अशी दोन स्मारकं उभी आहेत. दोन्हींच्या माथ्याजवळून एकेक दगडी हात बाहेर येतो आणि भिंतीच्या वर ते दोन हात एकमेकांत गुंफलेले आहेत. एक हात घोडदळातल्या कर्नल व्हान गोर्कुम यांचा, ते प्रोटेस्टंट. दुसरा त्यांच्या पत्नीचा, म्हणजे जोसेफिना व्हान एफर्डेन यांचा, त्या कॅथलिक सरदार घराण्यातल्या. लग्न १८४२ सालचं. कर्नल १८८० मध्ये वारले, जोसेफिनाबाई १८८८ मध्ये. माहेरच्या घराण्याच्या थडग्यात जागा होती, पण बाईंनी ती नाकारली आणि भिंतीलगतची जागा घेतली.

हे पाहायला येणारे लोक प्रेमाच्या ताकदीबद्दल बोलतात. मला मात्र त्या भिंतीचंच जास्त नवल वाटतं. दोघंही ख्रिस्ती. एकच ख्रिस्त, एकच पवित्र शास्त्र, प्रभूची प्रार्थनाही तीच. अडतीस वर्षं एका घरात संसार करायला हरकत नव्हती, शेजारी पुरायला मात्र होती. असं का, याचा शोध घेऊ लागलं की ख्रिस्ती विवाहाच्या पोटात दडलेली एक अजब गोष्ट हाती लागते.

रोमन कॅथलिकांच्या लॅटिन परंपरेत लग्न फादर लावतच नाहीत. वधू आणि वर स्वतःच हा संस्कार एकमेकांना देतात. दोघांनी मोकळ्या मनानं दिलेली संमती, तो ‘हो’, म्हणजेच लग्न. फादर चर्चच्या वतीनं तो ‘हो’ विचारतात आणि ऐकून घेतात. त्याही पुढची गंमत अशी की, बाप्तिस्मा झालेल्या कुठल्याही दोन माणसांचं वैध लग्न हे कॅथलिक चर्चच्या लेखी आपोआप पवित्र संस्कार ठरतं. मार्टिन लूथरनं विवाहाला ऐहिक बाब म्हटलं, संस्कारांच्या यादीत ठेवलं नाही. तरीही दोन लूथरपंथी लग्नाला उभे राहिले तर रोमच्या हिशेबानं त्यांना संस्कार मिळालाच, मग ते मानोत वा न मानोत!

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये चित्र नेमकं उलटं. ग्रीक ऑर्थोडॉक्स विधीत वधू-वर शपथा घेतच नाहीत. पुरोहित दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवतो, आशीर्वाद देतो, आणि त्या आशीर्वादानं लग्न होतं. म्हणजे एका चर्चमध्ये जोडप्याचे शब्द हा लग्नाचा गाभा, तर दुसरीकडे पुरोहिताचा आशीर्वाद. दोन पंथांच्या लग्नात अडतं कुठं, ते इथूनच कळायला लागतं.

आता मुळात ‘हो’ म्हटलं की लग्न, तर तो म्हणायचा कुठे आणि कुणासमोर? सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याचं उत्तर ‘कुठेही’ असं होतं. माळावर, गोठ्यात, साक्षीदार नसतानासुद्धा. चर्चला अशी चोरून केलेली लग्नं आवडत नसत, पण ती वैध असत. पंचाईत व्हायची ती नवऱ्यानं उद्या हात झटकले तर. मग १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ‘तामेत्सी’ नावाचा हुकूम काढला. लग्न आपल्या धर्मग्रामाच्या फादरसमोर आणि निदान दोन साक्षीदारांसमोरच व्हायला हवं, नाहीतर ते लग्नच नाही. हुकूम स्त्रियांच्या भल्याचा होता यात शंका नाही. पण त्यात एक पाचर होती: ज्या धर्मग्रामात तो वाचून दाखवला जाईल, तिथे तो तीस दिवसांनी लागू होणार. प्रोटेस्टंट राजाच्या मुलखात तो वाचणार कोण? बऱ्याच ठिकाणी तो वाचलाच गेला नाही.

परिणाम असा की लग्न झालं की नाही, हे नकाशावर ठरू लागलं. न्यू ऑर्लिन्समध्ये हुकूम लागू होता, न्यूयॉर्कमध्ये नव्हता. दोन कॅथलिकांनी प्रोटेस्टंट पाळकासमोर लग्न केलं, तर चर्चच्या लेखी न्यूयॉर्कमध्ये ते नवरा-बायको आणि न्यू ऑर्लिन्समध्ये परके. ही तऱ्हा १९०८ पर्यंत, म्हणजे ३४५ वर्षं चालली.

सरकारंही मागे नव्हती. आयर्लंडमध्ये १७४५ साली प्रोटेस्टंट सत्तेनं कायदा केला की, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांचं लग्न कॅथलिक पाद्र्यानं लावलं तर ते रद्दबातल. गेल्या बारा महिन्यांत जो स्वतःला प्रोटेस्टंट म्हणवत होता तोही यात धरायचा. या बारा महिन्यांच्या अटीनं एका बाईचं आयुष्य कसं ढवळून काढलं, ते जरा तपशिलात सांगण्यासारखं आहे.

थेरेसा लाँगवर्थ ही इंग्लिश कॅथलिक तरुणी. १८५२ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना बोटीवर तिची मेजर येल्व्हर्टन या सैन्याधिकाऱ्याशी ओळख झाली. तो प्रोटेस्टंट सरदारपुत्र. पुढे पत्रव्यवहार, क्रायमियाच्या युद्धात ती शुश्रूषेला गेली तिथे पुन्हा भेट. १८५७ च्या एप्रिलमध्ये एडिंबरात, तिच्या बिऱ्हाडी, त्यानं अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातला विवाहविधी तिच्यासमोर मोठ्यानं वाचला. तिसरं माणूस नाही. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या कायद्यात एवढ्यानंही लग्न होऊ शकत असे. पण थेरेसाच्या मनाला फादरशिवाय समाधान नव्हतं. म्हणून ऑगस्टमध्ये आयर्लंडात, किलोवन नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये, एका कॅथलिक फादरसमोर दोघं पुन्हा उभी राहिली. वर्षही उलटलं नाही तोच मेजरसाहेबांनी दुसऱ्याच बाईशी राजरोस लग्न लावलं.

प्रकरण डब्लिनच्या कोर्टात गेलं ते मात्र उधारीचा दावा म्हणून. थेरेसाचा खर्च ज्यानं भागवला होता त्यानं मेजरवर फिर्याद केली की, बायकोची उधारी नवऱ्यानं चुकती करावी. म्हणजे आधी ती बायको आहे का, हे ठरवणं आलं. आणि ते कसं ठरणार? तर किलोवनच्या लग्नाआधीच्या बारा महिन्यांत मेजर प्रोटेस्टंट होता की नव्हता यावर! माणसाच्या अंतःकरणातला धर्म तारखेनिशी सिद्ध करायचा. १८६१ मध्ये ज्यूरीनं थेरेसाच्या बाजूनं कौल दिला आणि डब्लिनच्या रस्त्यांवर लोकांनी तिचा जयजयकार केला. पण लढाई स्कॉटलंडच्या कोर्टांतून हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि १८६४ मध्ये तिथे ती हरली. तीन कोर्टं, दोन लग्नं, आणि हाती एकही नवरा नाही. या खटल्याचा एवढा गाजावाजा झाला की १८७० मध्ये तो आयरिश कायदा मोडीत निघाला.

कायदा गेला, प्रश्न राहिला. कारण तोवर भांडण ‘हो’वरून सरकून पाळण्यावर आलं होतं. मुलं कुणाची? आयर्लंडात जुनी तडजोड अशी होती की मुलगे बापाच्या चर्चमध्ये, मुली आईच्या. रविवारी सकाळी एकाच दारातून दोन मिरवणुका निघत, एक डावीकडे, एक उजवीकडे. मला ही तडजोड भलतीच शहाणी वाटते. पण वरच्यांना ती कुणालाच रुचली नाही. प्रशियाच्या राजानं हुकूम काढला की सगळी मुलं बापाच्या धर्मात जातील. ऱ्हाइनलँडच्या कॅथलिक मुलखात प्रशियाचे प्रोटेस्टंट अधिकारी नेमले जात आणि तिथल्या मुलींशी लग्नं करत, त्यामुळे याचा अर्थ सगळ्यांना बरोबर समजला. कोलोनच्या आर्चबिशपांनी दाद दिली नाही, तेव्हा १८३७ मध्ये सरकारनं त्यांना सरळ अटक केली. लग्नाच्या प्रश्नावरून आर्चबिशप कैदेत!

रोमनं उलट बाजूनं दोर आवळला. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या हुकमानं फादरसमोरच लग्न हा नियम जवळपास जगभर एकसारखा केला, आणि १९१७ च्या धर्मविधिसंहितेनं दोघांकडूनही हमी घ्यायला लावली की सगळी मुलं कॅथलिक होतील. आयर्लंडच्या फेदर्ड-ऑन-सी या खेड्यात १९५७ मध्ये या हमीचा स्फोट झाला. शीला क्लोनी प्रोटेस्टंट, नवरा शॉन कॅथलिक. थोरल्या मुलीला कॅथलिक शाळेत घालण्याचा आग्रह सुरू झाला, तशी शीला दोन्ही मुलींना घेऊन घर सोडून गेली. गावातल्या कॅथलिकांनी प्रोटेस्टंट शेजाऱ्यांवर बहिष्कार टाकला. दुकानांत गिऱ्हाईक येईना, संगीतशिक्षिकेकडे विद्यार्थी येईनात. स्वतः कॅथलिक असलेल्या पंतप्रधान डी व्हॅलेरांना संसदेत उभं राहून याचा निषेध करावा लागला. शेवटी नवरा-बायको पुन्हा एकत्र आले आणि मुलींना कुठल्याच शाळेत न घालता घरीच शिकवलं. तिथल्या बिशपांनी माफी मागितली ती १९९८ मध्ये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हवा पालटली. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले, आणि १९८३ च्या संहितेत ते आले. आता प्रोटेस्टंट जोडीदाराला कसलीही हमी द्यावी लागत नाही. कॅथलिक जोडीदार वचन देतो की मुलांना कॅथलिक चर्चमध्ये वाढवण्यासाठी मी माझ्या परीनं होईल ते सगळं करीन. या वचनाची दुसऱ्याला कल्पना दिली जाते, इतकंच. ‘माझ्या परीनं’ यात मोठी जागा आहे, कारण समोरच्यालाही सदसद्विवेकबुद्धी आहे हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

आपल्याकडे याची एक निराळीच घडण आहे. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा ख्रिस्ती धर्म मानणाऱ्या सगळ्यांना ख्रिस्ती म्हणतो, पंथ विचारत नाही. आणि काही पंथभेद तर मिटूनच गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सीएनआय, स्थापन झालं. आदल्या दिवशीपर्यंत अँग्लिकन मुलगी आणि बाप्टिस्ट मुलगा ही दोन वेगवेगळ्या चर्चची माणसं होती. एका उपासनेनंतर ती एकाच मंडळीची झाली. केरळात १९९४ मध्ये कॅथलिक चर्च आणि मलंकर सिरियन ऑर्थोडॉक्स चर्च यांनी आंतरचर्च विवाहांसाठी चक्क करार केला, आणि दोघांनी आपापल्या चर्चमध्ये राहून संसार करायला वाट मोकळी केली.

आता समजा, वसईची कॅथलिक मुलगी आणि अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) सीएनआयचा मुलगा. मुलीचे पूर्वज पोर्तुगीज काळातले ख्रिस्ती, मुलाचे अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेतून आलेले. दोघांची मराठी, दोघांची भाकरी सारखीच. मुलाचा बाप्तिस्मा पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला असल्यानं कॅथलिक चर्च तो मानतं, पुन्हा देत नाही. मुलीला बिशपांची परवानगी लागते. लग्न नगरच्या चर्चमध्ये पाळकांसमोर करायचं असेल, तर त्यासाठी वेगळी सूट लागते, आणि ती नसेल तर कॅथलिक चर्च ते लग्न वैध धरत नाही. वसईत झालं, तर अशा लग्नात बहुधा मिस्सा नसतो, कारण सगळ्यांना एकत्र प्रभुभोजन घेता येत नाही. आणि सकाळी तुमच्यात, संध्याकाळी आमच्यात असा दोनदा विधी करायला संहितेची साफ मनाई आहे. ‘हो’ एकदाच.

पण मुलगा मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्व्हेशन आर्मीच्या, घरातला निघाला तर? मुक्तिफौज १८८२ मध्ये मुंबईत आली. तिचे इथले पहिले पुढारी फ्रेडरिक टकर सनदी नोकरी सोडून, भगवे कपडे घालून, अनवाणी फिरले. नगरमध्ये तिचं मोठं इस्पितळ आहे. भक्तीत ही माणसं कुणाला हार जाणार नाहीत. मात्र मुक्तिफौज पाण्याचा बाप्तिस्मा देत नाही. त्यामुळे भारतीय कायद्यात हा मुलगा पक्का ख्रिस्ती, पण कॅथलिक संहितेत त्याची गणना बाप्तिस्मा न झालेल्यांत, हिंदू किंवा मुसलमान वराच्या शेजारी! परवानगीनं भागत नाही, अडथळाच दूर करून घ्यावा लागतो. तो न केल्यास कॅथलिक चर्चच्या लेखी लग्नच अवैध.

तेव्हा तुमच्या घरात अशी सोयरीक जुळत असेल, तर हॉल आणि बँड ठरवण्याआधी दोन्हीकडचे बाप्तिस्म्याचे दाखले काढा, फादरना आणि पाळकसाहेबांना दोघांनाही जाऊन भेटा, आणि बिशपांचं पत्र हाती येईपर्यंत पत्रिका छापायला टाकू नका. मुहूर्तही जपून धरा. १८७२ च्या कायद्याप्रमाणे, खास परवाना नसेल, तर ख्रिस्ती लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्या वेळातच लावता येतं.