कारला अलार्म बसवला आणि आतली लाइट गंडली? दोष बल्बचा नसतो, एका वायरचा असतो

गाडी बेस मॉडेलची. कंपनीकडून अलार्म आला नव्हता म्हणून बाहेरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून रिमोट, सायरन आणि सेंट्रल लॉकिंगचं किट बसवून घेतलं. दोन दिवस सगळं झकास. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की दरवाजा उघडला तरी छतावरची लाइट लागत नाहीये. किंवा उलटं, दरवाजा बंद केला तरी ती विझत नाहीये.

मग पहिला संशय बल्बवर जातो. पन्नास-शंभर रुपये खर्चून बल्ब बदलला जातो आणि लाइट तशीच राहते.

कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, अलार्म बसवल्यावर आतली लाइट बिघडणं ही ओळखीची तक्रार आहे. कारण असं की, अलार्म आणि लाइट या दोन वेगळ्या गोष्टी वाटत असल्या तरी बऱ्याचदा त्या एकाच वायरवर जगत असतात.

साध्या वायरिंगच्या बहुतेक गाड्यांमध्ये छतावरच्या बल्बला बॅटरीचा प्लस कायम मिळत असतो. चावी काढली तरी. अडवलेला असतो तो अर्थ. दरवाजाच्या चौकटीत रबरी टोपी घातलेलं एक बटण असतं, तो डोअर स्विच. दरवाजा उघडला की बटण बाहेर येतं, वायर गाडीच्या बॉडीला म्हणजेच अर्थला जोडली जाते आणि लाइट लागते. दरवाजा बंद, बटण दाबलेलं, लाइट बंद.

आता अलार्मलाही हेच कळायला हवं असतं की दरवाजा उघडला की नाही. त्यासाठी नवा स्विच कोण लावत बसणार? फिटर याच वायरला फांदी काढतो आणि अलार्मच्या बॉक्सला जोडतो. यात चूक काहीच नाही, पद्धत तीच आहे. घोळ होतो तो जोडताना.

अनेक किटमध्ये दरवाजासाठी दोन वायर असतात. एक अर्थ मिळाल्यावर जागी होणारी, दुसरी प्लस मिळाल्यावर. अर्थवाल्या गाडीत चुकून प्लसवाली वायर जोडली, तर दरवाजा बंद असताना अलार्मला तो उघडा वाटतो. शिवाय त्या वायरमधून अगदी थोडा करंट गळत राहू शकतो. जुन्या तारेच्या बल्बला त्याने काही होत नाही, पण छतात एलईडी असेल तर ती रात्रभर मिणमिणत राहते. लाइट मंद पेटलेली दिसली की संशय इथे घ्यायचा.

दुसरा घोळ डायोडचा. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाची वायर वेगळी आणि बाकी दरवाजांची वेगळी असते. फिटरने दोन्ही सरळ एकत्र पिळून टेप मारली, की मागचा दरवाजा उघडल्यावरही ड्रायव्हरच्या दरवाजाची सूचना वाजायला लागते. दोन्ही वायरना एकेक डायोड लावला, पट्टीची बाजू डोअर स्विचकडे ठेवून, की करंट एकाच दिशेने जातो आणि भानगड मिटते. डायोड मिळतो काही रुपयांत, तरी वाचवला जातो. का, ते फिटरलाच ठाऊक.

तिसरा प्रकार जरा महाग. रिमोटने गाडी अनलॉक केल्यावर आतली लाइट लागावी म्हणून काही अलार्ममध्ये वेगळी वायर असते. ती अनेकदा फक्त इशारा देण्याइतक्या ताकदीची असते. बल्बचा भार मधल्या रिलेने उचलायचा असतो. रिले न लावता थेट जोडणी केली तर अलार्मच्या आतला भाग जळू शकतो आणि लाइट कायमची चालू राहू शकते.

कायम चालू लाइट म्हणजे किती नुकसान? १० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.८ अँपिअर खातो. ३५ अँपिअर-अवरची नवीकोरी, पूर्ण भरलेली बॅटरी कागदावर ४० तासांच्या आसपास टिकेल. प्रत्यक्षात सेल मारण्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी धक्का मागणार.

घरी काय तपासता येईल? आधी लाइटवरचंच बटण बघा. फिटिंग करताना ते ‘डोअर’वरून ‘ऑफ’वर सरकलेलं असू शकतं. हसू नका, असं होतं. मग फ्युज. आतल्या लाइटचा फ्युज काही गाड्यांत स्टिरिओच्या मेमरीसोबत असतो, त्यामुळे घड्याळही शून्यावर आलं असेल तर फ्युज उडाल्याची शक्यता मोठी. पण नवा फ्युज त्याच अँपिअरचा घाला. तोही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, मोठा फ्युज घालून वायर जाळू नका.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर सगळ्यात कामाची चाचणी: अलार्मच्या बॉक्सचा कपलर काढा. लाइट पूर्ववत झाली तर दोष अलार्मच्या जोडणीत आहे. नाही झाली तर डोअर स्विच किंवा फिटिंगमध्ये तुटलेली वायर शोधावी लागेल. एक लक्षात ठेवा, काही किटमध्ये इंजिन बंद करणारी वायरही याच बॉक्समधून जाते. कपलर काढल्यावर गाडी सुरू झाली नाही तर घाबरू नका, तो परत लावा. मल्टीमीटर असेल तर डोअर स्विचच्या वायरवर दरवाजा बंद असताना १२ व्होल्टच्या आसपास आणि उघडल्यावर शून्य दिसायला हवं. पिवळ्या कपलरला मात्र हात लावायचा नाही, तो सहसा एअरबॅगचा असतो.

नव्या गाड्यांत हे गणित बदलतं. तिथे लाइट बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा कॉम्प्युटर चालवतो. दरवाजा लावल्यावर लाइट हळूहळू विझते, ती त्याचीच करामत. अलार्म लाइटच्या वायरला जोडला असेल तर लाइट विझेपर्यंत त्याला दरवाजा उघडाच वाटतो, मग तो लॉक करताना कुरकुर करतो किंवा मध्यरात्री उगाच बोंबलतो. रोज सोसायटी जागी झाली की मालक अलार्म लावणंच सोडून देतो आणि पैसे पाण्यात. उपाय म्हणजे वायर लाइटऐवजी डोअर स्विचच्या बाजूने घेणं, किंवा अलार्ममध्ये सोय असेल तर उशिरा सुरू होण्याची सेटिंग करणं. या गाड्यांत अंदाजाने वायर सोलली तर मॉड्यूल जाऊ शकतं, आणि त्याची किंमत अख्ख्या अलार्म किटपेक्षा कितीतरी जास्त असते. वायर कापल्याचं कारण देऊन इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारली जाऊ शकते, ते वेगळंच. म्हणून गाडीसाठी तयार कपलरवालं किट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

आणि दुकानातून निघण्याआधी, पैसे देण्याच्याही आधी, चारही दरवाजे आणि डिकी एकेक करून उघडून बघा. प्रत्येक वेळी लाइट लागते का, बंद केल्यावर विझते का, आणि अलार्म लावून आतून दरवाजा उघडला तर सायरन वाजतो का. फिटर समोर असतो तेव्हा हे काम दहा मिनिटांचं असतं.