मोबाइलवरून मोठा कुरव कसा ओळखायचा? ॲप नेमकं कुठे चुकतं?

हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या-राखाडी पक्ष्यांचे थवे दिसतात. आपण सगळ्यांनाच सरसकट 'सीगल' म्हणतो. मराठीत त्यांना कुरव म्हणतात. या थव्यात एखादा पक्षी इतरांपेक्षा बराच मोठा दिसला, तर तो पॅलास गल असू शकतो. हा मध्य आशियातून येणारा पाहुणा साधारण ६० ते ७० सेंमी लांब असतो. त्याच्या शेजारी दिसणारा तपकिरी डोक्याचा कुरव मात्र ४२ सेंमीच्या आसपास भरतो.

ॲप काय करतं?

'मर्लिन बर्ड आयडी' हे मोफत ॲप आहे. फोटो द्या, तो कुठे आणि कधी काढला ते सांगा, की ॲप संभाव्य नावं दाखवतं. भारताचा पॅक आधीच डाउनलोड केला असेल, तर नेट नसतानाही काम होतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत जागेची माहिती उरत नाही, म्हणून ती स्वतः भरा.

मग चूक कुठे होते?

एकट्या पक्ष्याचा फोटो झूम केला, की तो केवढा आहे हे ॲपला कळत नाही. शिवाय याचं काळं डोकं हिवाळ्यात जवळपास पांढरं होतं. डोळ्यामागे फक्त काळपट छटा उरते. पिल्लाला पूर्ण रंग यायला सुमारे ४ वर्षं लागतात, तोवर ते वेगळंच दिसतं.

फोटो काढताना हे बघा

१. आकार: एक फोटो शेजारच्या पक्ष्यासकट काढा.
२. चोच: मोठ्या पक्ष्याची जाड, पिवळी, टोकाजवळ काळा पट्टा आणि लाल रंग. तपकिरी डोक्याच्या कुरवाची लाल, बारीक.
३. पाय: पॅलासचे पिवळे, तपकिरी डोक्याच्या कुरवाचे लाल.
४. पाठ: पॅलासची फिकट राखाडी. गडद राखाडी असेल आणि चोचीवर काळ्या पट्ट्याऐवजी फक्त लाल ठिपका असेल, तर तो ह्यूग्लिन्स गल असण्याची शक्यता जास्त.

एवढी काळजी कशाला?

कारण 'ईबर्ड'वर टाकलेली नोंद पुढे अभ्यासक वापरतात. कुठला पक्षी कुठे, कधी येतो याचे नकाशे अशाच नोंदींवरून बनतात. त्यामुळे ॲपने सुचवलेलं पहिलंच नाव डोळे झाकून टाकू नका. खात्री नसेल तर नुसतं 'कुरव' एवढीच नोंद करा. चुकीच्या नावापेक्षा ती केव्हाही बरी!